आईची आरोळी

पल्लवी ही माझी मावसबहीण, आईच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. तिचे वडील ट्रकवर होते, महिन्यातून दोन दिवस घरी आले तर आले. मावशीला जालन्याच्या एका दवाखान्यात काम लागलं. तिथे राहायची नीट सोय होईपर्यंत पोरीचं वर्ष वाया जाऊ नये, म्हणून मावशीने तिला सुलतानपूरहून आणून आमच्याकडे ठेवलं. आम्ही दोघी एकाच इयत्तेत, नववीत. मावशी परतीच्या गाडीत बसली तेव्हा पल्लवी रडली नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली आणि मग माझ्या आईच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली. आई मला म्हणाली, "घे वो शुभे, तुले आयती बहीण भेटली." मी हसले. पण त्या पिशवीकडे मी पाहत होते. ती मी घ्यायला हवी होती, आणि मला ते सुचलं नव्हतं.

आमचं घर अमडापूरच्या बाहेर, मळ्याला लागूनच. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत सकाळपासून भाजीचा ओला वास. वांगी, मेथी, पालक, सांभार, हिरव्या मिरच्या. सांभार म्हणजे कोथिंबीर, पण कोथिंबीर हा शब्द आमच्याकडे फक्त पुस्तकात होता. सकाळी मला जाग यायची ती आवाजांनी. मोटर सुरू झाली की पाइपातून आधी हवेचा घरघराट आणि मग सरीत पाणी पडल्याचा धप्प आवाज. आई जुड्या बांधायची तेव्हा सुतळी दाताने तोडायची, तो एक बारीक टक् आवाज. बाबांच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी क्रेट बांधलेले, ती तीन किकांशिवाय सुरू व्हायची नाही. बाबा बाजारात गेले की आई चुलीपुढे बसायची. ज्वारीची भाकरी टम्म फुगली की ती वरचा पातळ पापुद्रा अलगद काढायची, त्यावर तेल, तिखट आणि मीठ टाकून माझ्या ताटात ठेवायची. तो पापुद्रा माझा होता. मी तान्ही असल्यापासून माझा होता. पल्लवी आल्याच्या चौथ्या की पाचव्या दिवशी आईने तो तिच्या ताटात ठेवला, "खाऊन पाह्य, तुह्या मायले लय आवडे," म्हणाली. आणि मला दुसऱ्या भाकरीचा मिळाला. दुसरा तसाच कुरकुरीत होता. मी तो खाल्ला नाही. आता हे लिहिताना मला माझंच हसू येतं, पण त्या दिवशी शाळेत पहिले तिन्ही तास माझं लक्ष नव्हतं, हेही खरं आहे.

मी हे सांगितलं पाहिजे की मी हुशार मुलगी होते. पहिलीपासून पहिला नंबर. वक्तृत्व, चित्रकला, हस्ताक्षर, सगळीकडे माझं नाव. गावातले लोक बाबांना ओळखायचे ते "शुभांगीचे बाबा" म्हणून. पल्लवीचं तसं काहीच नव्हतं. ती गणितात जेमतेम पास व्हायची, वर्गात हात वर करायची नाही. तिच्यापासून मला काही धोका आहे असं मला वाटायचं कारण नव्हतं. पण ती माणसांना प्रश्न विचारायची आणि मग गप्प बसायची. आपण विचारतो आणि समोरच्याने उत्तर द्यायच्या आत पुढचं बोलतो, तसं नाही. ती थांबायची. बाबांना तिने एकदा विचारलं, "काका, तुमाले वांगं पाहूनच कसं कळते का आतून किडकं आहे?" आणि बाबा, जे घरात जेवणापुरतं बोलायचे, ते अर्धा तास वांग्यावर बोलत राहिले. मी त्याच पडवीत पुस्तक घेऊन बसले होते. चौदा वर्षं मी त्यांच्या घरात राहत होते आणि वांग्याचं मला काही माहीत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या शाळेत चार टॅबलेट आणि दोन नवे कॉम्प्युटर आले. इंगळे सर आम्हाला विज्ञान शिकवायचे, पण त्यांचा जीव चित्रांत आणि कॅमेऱ्यात. वर्गात येऊन त्यांनी सांगितलं की नववीच्या मुलांनी जोडीजोडीने तीन मिनिटांची फिल्म करायची. विषय एकच, आपल्या जवळच्या माणसाचं काम. चित्रण आपलं, आवाज आपला, जोडणीही आपली, आणि फिल्मचं पोस्टरही आपणच कॉम्प्युटरवर बनवायचं. पालक मेळाव्यात सगळ्यांच्या फिल्म दाखवणार आणि त्यातली एक जिल्ह्याला जाणार. मला लगेच सगळं दिसायला लागलं. मी देऊळगाव राजाच्या बालाजी मंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या बाई दाखवणार होते. मागे कळस, पुढे झेंडू, संथ चालणारी चित्रं आणि त्यावर संगीत. पण सरांनी जोड्या स्वतःच पाडल्या होत्या. "शुभांगी अन् पल्लवी. एका घरात राहता, वेळ वाचंल."

घरी येताना मी फुलवाल्या बाईंचं सांगितलं. पल्लवीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या आपल्या जवळच्या कुठी आहेत वो?"

"मंग कोण आहे जवळचं?"

"मावशी."

"आईचं कोणतं काम? भाजी?" मी म्हटलं. "त्यात काय दाखवाचं?"

ती चालत राहिली. सरांना विचारलं तर ते म्हणाले, घरचंच घ्या, रोज चित्रण करता येईल. झालं. आमची वाटणी अशी ठरली की पल्लवी चित्रण आणि आवाज बघणार, मी जोडणी आणि पोस्टर करणार, कारण कॉम्प्युटरवर माझा हात चांगला बसला होता आणि इंग्रजीतल्या सूचना मला वाचता यायच्या. मला वाटलं, महत्त्वाचं काम माझ्याकडे आलं.

पुढचे पंधरा दिवस ती आईच्या मागे मागे होती. टॅबलेटला एक लांब वायरीचा छोटा माइक होता. तो ती मेथीच्या वाफ्यात ठेवायची, मिरच्यांच्या पोत्याजवळ ठेवायची, आईच्या पदराला सेफ्टी पिनने लावायची. आई आधी लाजली. "काऊन वो पल्लू, माह्या बांगड्यायचा आवाज घेऊन काय करशीन?" पण दोन दिवसांनी आई ते विसरून गेली. शाळेत आम्ही ते सगळं सरांना ऐकवलं. पालकाची देठं खुडल्याचा आवाज, सुतळी दाताने तोडल्याचा तो टक्, ओल्या हाताने क्रेटवर थाप मारल्याचा. सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पल्लवी, तुझे कान कोणी घडवले गं?" सगळ्या वर्गासमोर. माझ्या पोस्टरकडे बघून ते म्हणाले, "छान. अक्षरांची जागा चांगली साधली." छान. चौदा वर्षं ज्या शब्दाने मी फुलायचे तो त्या दिवशी मला उष्ट्यासारखा वाटला. आणि सगळ्यात वाईट हे की तो टक् आवाज मी जन्मापासून ऐकत होते. तो माझा होता. तो तिने घेतला, असं मला वाटलं.

एका रविवारी मी मैत्रिणीकडे प्रयोगवही पूर्ण करायला गेले होते. परत आले तर मळ्यात, वांग्याच्या पलीकडे बांधावर आई आणि पल्लवी बसल्या होत्या. आई हसत होती. मी आईला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण असं हसताना कधीच नाही. डोक्यावरचा पदर खाली आलेला, एक हात गुडघ्यावर मारत, लहान मुलीसारखी. मी जवळ गेले तशा दोघी हळूहळू थांबल्या. "काय झालं?" मी विचारलं. आई डोळे पुसत म्हणाली, "काही नाई वो, अशीच." पल्लवीने टॅबलेट बंद केला. मला वाटलं, आपण आपल्याच मळ्यात पाहुणे म्हणून आलो आहोत.

त्या आठवड्यात पल्लवीला चार दिवस जालन्याला जायचं होतं. मावशीला खोली मिळाली होती, सामान लावायला मदत हवी होती. जाताना तिने टॅबलेट माझ्या हातात दिला. "शुभा, रविवारची क्लिप आहे ना, ती शेवटी लावजो. पूर्ण लावजो. कापजो नको." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर सरांनी मला कॉम्प्युटरच्या खोलीत एकटीला बसू दिलं. खिडकीबाहेर पोरं कबड्डी खेळत होती. मी टॅबलेट कॉम्प्युटरला जोडला, हेडफोन लावला आणि रविवारची क्लिप चालू केली. आई बांधावर बसली होती. बाजूने ऊन येत होतं. पल्लवीचा प्रश्न ऐकू येत नव्हता, फक्त आईचं उत्तर होतं.

"आमच्या सुलतानपूरच्या वावरात जवारी भरली का माह्यी शाळा बंद. बाबा मले वावरातल्या लाकडी माळ्यावर बसवत. पाखरं हाकलाले. गोफण काही मले जमे नाई, गोटा भलत्याकडंच जाय. मंग मी आरोळी देऊ. अशी देऊ पल्लू, का तिसऱ्या वावरातले पाखरं उडून जात. लोकं हातातलं काम सोडून ऐकत. माह्ये बाबा म्हणत, या पोरीच्या गळ्यात काय आहे काय माहीत." मग आई थांबली. पल्लवीही थांबली, तिच्या सवयीप्रमाणे. आई पुढे म्हणाली, "लग्न होऊन इथी आली. पहिल्याच साली वावरात आरोळी देल्ली, तं घरच्यायनं सांगितलं, सुनेचा आवाज बांधाच्या बाहेर जाऊ नाई. तवापासून नाई देल्ली. आता तं कोणी इचारतबी नाई. शुभी हुशार आहे माह्यी. लय हुशार. पण ती माह्यासंग बोलते तं डबा झाला का, एवढंच. तू इचारलं म्हणून आठवलं मले."

त्यानंतर आई उभी राहिली. तिने आजूबाजूला पाहिलं, कोणी आहे का. मग दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आरोळी दिली.

ती मला लिहून दाखवता येणार नाही. शब्द नव्हतेच तिच्यात. खालून निघून वर जाणारा, वर जाऊन फिरणारा आणि मग लांब तरंगत राहणारा एक आवाज. मी हेडफोनमध्ये दचकले. वांग्याच्या शेतातून खरोखर पाखरांचा थवा उठला, तो चित्रात दिसतो. आई त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला ते हसू आलं, गुडघ्यावर हात मारत.

पुढे मी हेच काम धरलं, आणि माझी वर्षं अशाच खोल्यांमध्ये, दुसऱ्यांचे आवाज कापण्यात आणि जोडण्यात गेली. हजारो माणसं मी हेडफोनमधून ऐकली. पण इतकं चांगलं काही माझ्या हाताखालून गेलेलं नाही, हे आज मी खात्रीने सांगू शकते. आणि ते चांगलं आहे हे मला त्या दुपारीही कळलं होतं. मी अजाण होते, मला किंमत कळली नाही, असं म्हणून मला सुटता येणार नाही. किंमत कळली म्हणूनच मी ते केलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची एक रेघ दिसायची. बाकी सगळीकडे ती गवतासारखी बुटकी होती, आणि आरोळीच्या जागी एकदम उभी भिंत. मी आधी "शुभी हुशार आहे" पासून "डबा झाला का" पर्यंतचं काढलं. एवढंच काढायचं असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते काढल्यावर पुन्हा चालवून पाहिलं. तरी चित्रात आई पल्लवीकडे बघत होती. जिच्याकडे बघून ती बोलत होती, ती मी नव्हते. मग मी माळ्याचं, पाखरांचं काढलं. मग सासरचं काढलं. मग ती भिंत निवडली आणि बटण दाबलं. जागा रिकामी झाली. तिथे मी आईचे हात ठेवले, जुडी बांधणारे, संथ केलेले. खाली कॉम्प्युटरमधलंच बासरीचं संगीत टाकलं. शेवटी पांढऱ्या अक्षरांत "कष्टाचे हात". दिसायला ते सुंदर दिसलं. आजही मी म्हणेन की जोडणी म्हणून त्यात चूक नव्हती.

दोन दिवसांनी सर टॅबलेट गोळा करायला आले. दहावीच्या मुलांना ते द्यायचे होते, आतलं सगळं पुसून. "शुभांगी, तुमच्या बाकीच्या क्लिपा ठेवायच्या का कुठे? पेनड्राइव्ह देतो." मी म्हटलं, "नाही सर. बाकीचं खराब आलं आहे." त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. माझा पहिला नंबर होता. त्यांनी माझ्यासमोरच ते पुसलं, आणि मी जवळ उभी राहून पाहिलं.

पल्लवी परतली तीच मेळाव्याच्या दिवशी सकाळी. शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. भिंतीवर पांढरी चादर. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. आई हिरवी साडी नेसून आली होती, जी ती फक्त लग्नकार्याला काढायची, आणि शेजारच्या शांताकाकूंना सोबत घेऊन आली होती. मी त्यांच्या मागच्या रांगेत, थोडी बाजूला बसले. आई शांताकाकूंना सांगत होती, "शेवटी पाह्यजा हं. शेवटी माह्या आवाज आहे." शांताकाकू म्हणाल्या, "गाणं म्हटलं का काय तुम्ही?" आई म्हणाली, "गाणं नाई. तुमी पाह्यजा तं खरं."

आमची फिल्म तिसरी होती. पालकाची देठं खुडल्याचा आवाज खोलीभर झाला तेव्हा बायका हसल्या, कोणीतरी म्हणालं, "अगदी खराखुरा!" मेथी, क्रेट, बाबांची मोटरसायकल, तीन किका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आई बांधावर बसलेली दिसली, अगदी दोन क्षण, आणि समोर बसलेली आई थोडी पुढे सरकली. तिने शांताकाकूंच्या हातावर हात ठेवला. बासरी सुरू झाली. चादरीवर आईचे हात जुडी बांधत होते, हळू, फार हळू. आई वाट बघत होती. तिची मान थोडी तिरपी झाली, जशी आपण लांबून येणारा आवाज ऐकायला करतो. "कष्टाचे हात" आलं. आमची नावं आली, माझं वर आणि पल्लवीचं खाली. चादर पांढरी झाली. टाळ्या पडल्या. आई अजून पुढे सरकून बसलेलीच होती. शांताकाकू म्हणाल्या, "लय छान झालं वो. पण आवाज कुठी होता?" आई मागे टेकली. "आला असंल मधात," ती म्हणाली. "माह्यंच लक्ष नसंल." आणि मग तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं.

घरी आल्यावर नळाजवळ पल्लवीने मला गाठलं. "रविवारचं कुठी गेलं?"

"फाइल उघडलीच नाई. खराब झाली व्हती."

"मी जायच्या आधी पाहिली व्हती. चालू व्हती."

"नंतर झाली. मले काय माहीत काऊन झाली ते!"

"मंग दुसरीकडं ठेवली का?"

"टॅबलेट सरायनं पुसले."

ती माझ्याकडे बघत थांबली. तिची ती थांबायची पद्धत. मी बादली भरायला लागले, भरलेलीच बादली. शेवटी ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली. मला वाटलं ती आईला सांगेल. तिने सांगितलं नाही. मला वाटलं ती माझ्याशी अबोला धरेल. तेही नाही. ती पूर्वीसारखीच राहिली, फक्त मला प्रश्न विचारायचं तिने बंद केलं. फिल्म जिल्ह्याला गेली. बुलडाण्याहून मला जोडणीसाठी प्रशस्तिपत्र मिळालं, शाळेच्या प्रार्थनेत माझं नाव घेतलं, आणि पल्लवीने इतर मुलींपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे बघत होते, कुठेतरी तिचा चेहरा पडेल म्हणून. तो पडला नाही, याचाही मला हेवा वाटला. परीक्षा झाल्या आणि मावशी तिला न्यायला आली.

ती गेल्यावर घर पूर्वीसारखं होईल असं मी धरून चालले होते. पापुद्रा रोज माझ्या ताटात यायला लागला. पण बाबा जेवणापुरतं बोलायचे आणि आई कामापुरतं. आधीही तसंच होतं, पण आता मला ते ऐकू यायला लागलं होतं. एके दिवशी शाळेला सुट्टी होती आणि मी स्वतःहून आईबरोबर सांभाराच्या जुड्या बांधायला बसले. पंचवीस-तीस जुड्या झाल्या असतील. मी म्हटलं, "आई, तुह्यी आरोळी मी काढून टाकली. फाइल खराब नव्हती झाली."

आईने हातातली जुडी पूर्ण बांधली. सुतळी तोडली. "मले माहीत आहे."

"पल्लवीनं सांगितलं?"

"तिनं काऊन सांगितलं असतं? त्या दिवशी सारी शाळा चादरीकडं पाहून राह्यली व्हती. तू एकटी माह्याकडं पाहत व्हती."

मला रडू आलं. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवायला गेले, तर तिने मला खांद्याला धरून सरळ बसवलं. "रडू नको. माह्यं काय, मी एकदा देल्ली आरोळी, माह्यं मन झालं मोकळं. पण त्या पोरीनं पंधरा दिवस वावरात उनातान्हात काढले. तिले सांगितलं का तू?"

"नाई."

"मंग मले काय सांगून राह्यली?"

बाबांचा फोन पडवीत खुंटीला पिशवीत होता. आईने तो आणून माझ्या हातात दिला आणि पुन्हा जुड्यांशी जाऊन बसली, पाठ करून. मी मळ्यात थोडी पुढे गेले. पल्लवीनेच फोन उचलला. पाठीमागे गाड्यांचा, माणसांचा गलका होता. "बोल वो शुभा. मावशी बरी आहे ना?"

मी एका दमात सांगून टाकलं. क्लिप चांगली होती, मी कापली, सरांना खोटं सांगितलं, पुसू दिलं.

पलीकडे गलका तसाच चालू होता. मग ती म्हणाली, "मले तसंच वाटलं व्हतं. पण मी म्हटलं, तुह्यी आई आहे. घरातलं बोलणं साऱ्या गावानं ऐकलेलं तुले नसंल आवडलं."

ती मला एक बरी वाट काढून देत होती. ती धरून मी सुटू शकले असते. "तसं नव्हतं," मी म्हटलं. "मले तुह्या हेवा वाटला. आई तुह्यासंग बोलली म्हणून."

"माह्या?" ती खरंच हसली. "माह्या कायचा हेवा वो? तुमच्या घरी तं मीच रोज तुह्याकडं पाहून जळत व्हती. तुले सकाळी उठलं का आई दिसे." मग तिचा आवाज थोडा उतरला. "मावशीचा आवाज अगदी माह्या आईसारखा आहे. चुलीपाशी बोलत असली ना, अन् मी डोळे मिटले, तं मले आपल्या घरी असल्यासारखं वाटे. म्हणून मी तिले बोलाले लावत राहो. ती फिल्म तं निमित्त व्हती."

मी एवढंच विचारलं, "तुह्याकडं दुसरं काहीच नाई राह्यलं? एखादी क्लिप?"

"नाई ना," ती म्हणाली. "मले वाटलं तू ठेवली असशीन."

आई माझ्यामागे येऊन उभी होती. "सांगितलं?" मी मान हलवली. "दे मंग इकडं." तिने ओले हात पदराला पुसले, फोन घेतला आणि बोलत बोलत वांग्यांच्या पलीकडे बांधावर जाऊन बसली. मी पडवीत परत आले आणि उरलेल्या जुड्या पुढे ओढल्या. तिथून मला आईची फक्त पाठ दिसत होती. ती मधेच हात हलवत होती, मधेच मान मागे टाकून हसत होती. काय बोलत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. हेवा गेला होता असं मी म्हणणार नाही. तो तिथेच होता, माझ्या शेजारी बसल्यासारखा. आईने बोलणं लवकर संपवावं म्हणून मला दोनदा तिला हाक मारावीशी वाटली, चुलीवर वरण उतू जातंय असं काहीतरी सांगून. मी मारली नाही. जुड्या बांधत राहिले, आणि त्या दोघींना हवं तेवढं बोलू दिलं.